पीटीचा तास गणिताला देऊ नकोस

चि. मनूस,


खारघरच्या शाळेत तू शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून रुजू झालीस, हे तुझ्या आईने कळवलं. पेढे नंतर वसूल करीनच. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करून सुटतेस, म्हणून लिहूनच पाठवतो.

तुझं खारघर तसं नशीबवान. सिडकोने सेंट्रल पार्क केला, दरीत गोल्फचं मैदान केलं, फुटबॉलचं प्रशिक्षण केंद्र उभारलं. लोकलने तिसरं स्टेशन नेरूळ, तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेणारं तुझ्या सातवीतलं पोरगं यातल्या कुठल्या मैदानावर जाणार? चांगला खेळणारा तुझ्याशिवायही खेळेल. तुझा पगार या दुसऱ्यासाठी आहे, असं समज.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल इतकी हालचाल करावी. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकात जगभरच्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांचा हिशेब मांडला. ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत. मुलगे ७८ टक्के, मुली ८५. म्हणजे दोष एकट्या खारघरच्या ट्यूशन क्लासेसचा नाही. तरीही पाच वाजता शाळा सुटून साडेपाचला क्लास असलेल्या मुलाला तुझा पीटीचा तास हाच काय तो खेळ असतो. नववी-दहावीला या विषयाला गुण नाहीत, नुसती श्रेणी; त्यामुळे सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई गोड बोलून तो तास मागतील. देऊ नकोस. भांडण नको, पण देऊ नकोस.

आणि तास वाचवलास तर तो हजेरी, रांग आणि ‘सावधान-विश्राम’मध्ये घालवू नकोस. पन्नास मुलांत एक चेंडू दिला तर सहा जण खेळतात, बाकीचे कट्ट्यावर बसून त्यांना नावं ठेवतात. मैदानाचे चार तुकडे कर, सहा-सहा, सात-सातचे संघ पाड. दोन कप्तान उभे करून एकेक गडी निवडण्याची जुनी पद्धत पार बंद कर. शेवटी उरणाऱ्या मुलाला ती दर आठवड्याला भर वर्गात सांगते की तू कुणालाच नको आहेस. बाद झालेल्याला तासभर बाहेर बसवणारे खेळही कमी ठेव. लवकर बाद होतो तोच, ज्याला सरावाची जास्त गरज असते. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं तर महापाप! पळणं ही शिक्षा आहे हे एकदा मुलाच्या डोक्यात बसलं की ते पुढे आयुष्यभर पळत नाही.

मुलींचं वेगळं लिहितो. सातवी-आठवीत त्या हळूहळू मैदानातून दिसेनाशा होतात. ‘मुलींना आवडच नसते’ असं स्टाफरूममध्ये ऐकशील. विश्वास ठेवू नकोस. आधी स्वच्छतागृहाला कडी आहे का, नळाला पाणी आहे का ते बघ. पीटीच्या दिवशी घरूनच ट्रॅकपँट घालून यायची परवानगी मिळव. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, हे त्या मुलीला ठरवू दे. सगळ्यांदेखत कारण विचारू नकोस. मग कोणता खेळ हवा ते त्यांनाच विचार. २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात जिंकलेल्या भारतीय मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्रातलीच. खो-खोला दोन खांब आणि चुना लागतो, बाकी पाय ज्याचे त्याचे.

पावसाळ्यात खारघरच्या डोंगराचं पाणी मैदानात उतरलं की चार महिने तास वर्गात, असं होऊ देऊ नकोस. व्हरांड्यात दोरीच्या उड्या, लंगडी, सूर्यनमस्कार सगळं होतं. आवाज होतो अशी तक्रार येईल, येऊ दे.

शाळेच्या फाटकाबाहेरचं काम मात्र अवघड. सोसायट्यांत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशा पाट्या असतात आणि त्या लावणारेच सकाळी सेंट्रल पार्कला फेऱ्या मारतात. कबड्डीच्या मोठ्या मैदानालासुद्धा १३ बाय १० मीटर पुरतात, साधारण दहा मोटारींची जागा. रविवारी सकाळी दोन तास तेवढी द्या, असं एका सोसायटीच्या सेक्रेटरीला पटव. ओवे, कोपरा, मुर्बी ही गावं टॉवरांच्या आधीपासूनची, आणि रायगडच्या मातीत कबड्डी मुरलेली आहे. तिथल्या जुन्या खेळाडूंना शाळेत बोलाव. सेक्टरमधल्या पोरांना ते चढाई शिकवतील, ओळखीही होतील. शाळेला मैदान कोणत्या अटींवर मिळालंय तो कागद मुख्याध्यापकांकडून मागून वाच. शाळा सुटल्यावर परिसरातल्या मुलांसाठी फाटक उघडता येतं का, ते त्यातूनच कळेल.

जिल्हा शालेय स्पर्धा जवळ आल्या की संस्थेला ढाल हवी असते आणि सगळा वेळ बारा मुलांवर जातो. ढाल आणलीस तर मला आनंदच आहे. पण संघाची यादी लावशील त्याच दिवशी, जी मुलं कोणत्याच संघात नाहीत त्यांचीही यादी कर, आणि त्यांना आठवड्यात कोणत्या वारी, कुठे खेळवणार ते मला कळव.

तुझा,
मामा