आजच्यापुरतं बळ

रोजच्या प्रार्थनेतून काय मिळतं असं विचारलं की 'मनःशांती' हे उत्तर चटकन येतं. मला ते अपुरं वाटतं. पहाटे बायबल उघडून बसलं आणि भीती पळाली, असं क्वचितच घडतं. बायॉप्सीचा रिपोर्ट यायचा असतो, घराचे हप्ते थकलेले असतात. 'आमेन' म्हटल्यावरही ते सगळं जागच्या जागी असतं.

खुद्द येशूलाही हे चुकलं नाही. गेथशेमाने बागेत त्याने 'हा दुःखाचा प्याला टळू दे' हे एकच मागणं तीनदा केलं. प्याला टळला नाही. पण तिसऱ्या खेपेनंतर तो उठला, पेंगणाऱ्या शिष्यांना हलवून जागं केलं आणि धरायला आलेल्यांना सामोरा गेला. प्रार्थनेने दिलेलं धैर्य मला त्या उठण्यात दिसतं.

मग ते रोज का मागायचं? अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तो त्या त्या दिवसापुरता. शब्बाथाची तेवढी सूट, एरवी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत. प्रभूच्या प्रार्थनेतली भाकरही आजचीच आहे. मला हे फार जड जातं. गेल्या संकटात देवाने तारलं ही आठवण आधार देते, पण आजचं बळ आजच मागावं लागतं.

पंडिता रमाबाईंनी तर हे मागणं शेकडो जणींसाठी केलं. 1870च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण नेली होती. उपासमार काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायांना केडगावला घेऊन आल्या. एवढ्या जणींच्या पोटाला उद्या काय घालायचं, या विचारानेच कुणाचेही पाय मागे वळले असते. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती आणि तिच्या जोडीला शेती होती, छापखाना होता. गुडघे टेकणाऱ्या बायका तिथे खिळेही जुळवत. 1921मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. कान जवळजवळ गेलेल्या रमाबाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम तरीही चालू राहिलं. एप्रिल 1922मध्ये त्या गेल्या, तोवर.

अशा दुःखात देवाला काय म्हणायचं? स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या ते प्रार्थना म्हणूनच म्हटलं गेलं. शब्द सुचत नाहीत त्या दिवशी मी तेच वाचते. त्यात देवावर राग आहे, पण गाऱ्हाणं त्याच्याचकडे आहे, आणि हाही विश्वासच. चर्चमध्ये आपण शोकात बुडालेल्या माणसाचा हात दाबून 'विश्वास ठेवा' म्हणतो आणि पुढे सरकतो. त्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन, शेजारी बसून हे स्तोत्र त्याच्यासाठी मोठ्याने वाचावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं.