हद्दीबाहेरचा तिरोडा

तिरोडा शहराची अधिकृत लोकसंख्या २५ हजारांच्या आसपास आहे आणि ती २०११ ची आहे. शहराजवळच्या अदानींच्या औष्णिक वीज प्रकल्पाचा पहिला संच सुरू झाला २०१२ मध्ये. सरकारी दप्तरातला तिरोडा त्यामुळे अजून प्रकल्पाच्या आधीचाच आहे. पुढच्या दोन वर्षांत ६६० मेगावॉटचे पाच संच उभे राहिले, ३३०० मेगावॉट झाले, आणि धान, राईस मिल, विडी अशा ओळखीच्या या तालुक्याच्या गावाशेजारी राज्यातला सर्वांत मोठा औष्णिक प्रकल्प धूर सोडू लागला. इथून निघालेली ७६५ केव्हीची वाहिनी कोराडी, अकोला करत छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाते. महावितरणने या प्रकल्पाशी ३०८५ मेगावॉटचे करार केले आहेत. पुण्या-मुंबईकडे बसून हा अंक वाचणाऱ्याच्या दिव्यातही तिरोड्याचा थोडा उजेड असणार.

उपनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महानगराची शेपटी येते. हैदराबादजवळचं मणिकोंडा हे त्याचं ठळक उदाहरण. आयटी कंपन्या शेजारी आल्या, उंच इमारती उठल्या, आणि तरीही २०१८ पर्यंत तिथला कारभार ग्रामपंचायतीकडे होता. तिरोड्याला असं महानगर नाही. गोंदिया जवळ आहे, पण तो जिल्हाच १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला. तिरोडा उपनगर झालाच तर तो एका कारखान्याचा. कारखान्याच्या उपनगराची अडचण अशी की मालक शहर नसतं. मणिकोंडाचं ओझं हैदराबादने उचलावं, असं निदान म्हणता आलं. तिरोड्याने कुणाकडे बघायचं?

प्रकल्प शहराच्या हद्दीबाहेर, एमआयडीसीच्या जमिनीवर आहे. तिथला नियोजनाचा अधिकार नगर परिषदेकडे नाही. विजेवरचं शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. कोळशाची रॉयल्टी खाण असलेल्या राज्याला मिळते. वैनगंगेच्या पाण्याची पट्टी जलसंपदा विभागाची. यातली प्रत्येक गोष्ट कायद्याने बरोबरच आहे. शहराच्या वाट्याला येतात भाड्याच्या खोल्या, मेस, मोटारसायकलींच्या शोरूम, खासगी शाळा. हे काही कमी नाही. बाजारात पैसा फिरतो, हे नाकारणारा माणूस तिरोड्यात भेटायचा नाही. पण दुकानात फिरलेला पैसा नालीपर्यंत आपोआप पोचत नाही. त्यासाठी कर लागतो, आणि नगर परिषदेच्या हातात स्वतःची म्हणावी अशी मुख्यतः घरपट्टीच उरली आहे. नगर परिषदांची जकात १९९९ मध्येच गेली. बाकी बहुतेक अनुदान. आणि पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान मोजलं गेलं ते २०११ च्या डोक्यांवर. २०१३ साली इथे राहायला आलेला फिटर कचरा करतो, पाणी वापरतो, रस्ता झिजवतो. अनुदानाच्या हिशेबात मात्र तो जन्मलेलाच नाही.

मग हद्द वाढवा, असं शहरातला माणूस सहज म्हणतो. हे म्हणणं मला पटत नाही, निदान इतक्या सहज तरी नाही.

ले-आऊट पडतो तो बहुधा शहराच्या रेषेपलीकडे, कारण तिथे जमीन स्वस्त आणि विचारणारं कुणी कमी. धानाच्या बांध्या सपाट होतात, धुरे मोडतात, पाणी ज्या बोडीत उतरायचं ती बोडी प्लॉटच्या नकाशात हरवते. (पूर्व विदर्भात मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचं कौतुक खूप होतं. पाणी तलावापर्यंत नेणाऱ्या उताराचं कौतुक कुणी करत नाही, आणि विकला जातो तो उतार.) अशा गावात प्लॉट घेणारा नोकरदार आणि पिढ्यान्‌पिढ्या रोवणी करणारं कुटुंब एकाच ग्रामपंचायतीत राहतात. नोकरदाराला नळ आणि पथदिवे हवेत, त्याला शहर चालेल. रोवणीवाल्या कुटुंबाला शहर झाल्याच्या दिवशी रोजगार हमीचं काम बंद होतं, घरकुलाची यादी बदलते, घरपट्टी मात्र चढते. रोजगार हमी ही महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून देशाला दिलेली गोष्ट. तिचा हक्क गावाच्या पाटीला बांधलेला आहे. पाटी बदलली की हक्क जातो, गरज तशीच राहते.

याच जिल्ह्यातल्या आमगावने हे भोगलं आहे. २०१५ मध्ये तिथे नगर पंचायत झाली, पुढे आसपासची गावं जोडून नगर परिषद केली, आणि वाद न्यायालयात गेला. वर्षानुवर्षं निवडणूक नाही, ग्रामीण योजना नाहीत, शहरी योजना धड पोचलेल्या नाहीत. वैतागून लोक आम्हाला मध्य प्रदेशात टाका म्हणू लागले. मुंबईत त्याची बातमी गमतीची झाली असेल. मला ती मागणी अगदी व्यवहारी वाटते. ज्या सरकारने आपल्याला शहर केलं पण शहराचं काही दिलं नाही, त्याच्याकडे माणूस दुसरं काय मागणार?

तिरोड्याचीही या बाबतीत फारशी चैन नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि राज्यभरातल्या नगर परिषदांप्रमाणे इथेही प्रशासक बसला. नव्या निवडणुकीला २०२५ चा शेवट उजाडला. गावाला शहरात या म्हणायचं आणि त्या शहरात नगरसेवकच नव्हता, अशा स्थितीत कोणत्या ग्रामसभेने ठराव केला असता?

माझं म्हणणं एवढंच आहे, की क्रम उलटा करावा. हद्दवाढीचा प्रस्ताव यायच्या आधी, जुनी घरपट्टी आणि रोजगार हमी दोन्ही पाच वर्षं टिकतील, अशी लेखी तरतूद करावी. विजेवरच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा प्रकल्पाभोवतीच्या ग्रामपंचायती आणि नगर परिषद यांच्या सामायिक खात्यात यावा, म्हणजे पाणी, कचरा आणि सांडपाण्याची कामं रेषेच्या दोन्ही बाजूंना एकत्र करता येतील. कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून मिळालेल्या वस्तू ही कृपा असते. करातला वाटा हा हक्क. त्यासाठी हद्द एक इंचही हलवावी लागत नाही.

आणि ती तूर्त हलणारही नाही. जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा २०२५ च्या अखेरीस गोठवल्या गेल्या. गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रकल्पानंतरचा तिरोडा पहिल्यांदाच मोजला जाईल, पण जुन्याच रेषेच्या आत. पलीकडच्या ले-आऊटमधली घरं आपापल्या गावांच्या खात्यात पडतील आणि नगर परिषदेचा आकडा वाढला तरी तो खऱ्या शहरापेक्षा लहानच निघेल. त्या आकड्यावर पुढची कित्येक वर्षं पाण्याच्या टाक्या मंजूर होणार आहेत.