चांगला हेतू पुरेसा आहे काय?



दरवर्षी जून-जुलैच्या सुट्टीत अमेरिकेतील चर्चमधून तरुण मुलामुलींची पथके परदेशी निघतात. कोणी मेक्सिकोत, कोणी ग्वाटेमालात, तर कोणी कंबोडियात. मुक्काम आठ-दहा दिवसांचा. गरीब वस्तीतील मुले गोळा करायची, त्यांना इंग्रजी गाणी शिकवायची, चित्रे रंगवून घ्यायची, बायबलातील गोष्टी सांगायच्या, खाऊ वाटायचा आणि भरल्या डोळ्यांनी निरोप घ्यायचा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी २००५ सालच्या पाहणीवरून असा अंदाज केला की, वर्षाकाठी सुमारे १६ लाख अमेरिकन चर्च-सभासद अशा अल्प मुदतीच्या मिशनवर परदेशी जातात.

या तरुणांची टिंगल करण्याचे कारण नाही. ते पदरचे पैसे घालतात, लोकांच्या मोटारी धुऊन निधी जमवतात, सुट्टीतले आपले सुख सोडून परक्याच्या लेकरांसाठी उन्हात उभे राहतात. त्यांचा हेतू चांगला असतो. तथागतांनीही चेतनेलाच कम्म म्हटले आहे. मग चेतना शुद्ध असली की कृती आपोआप कुशल ठरते काय?

याचे उत्तर तथागतांनी एका लहान मुलालाच दिले आहे. राहुलाला त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तशीच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर न्याहाळावी. तिने आपल्याला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होते काय, हे पाहावे. म्हणजे हेतू शुद्ध ठेवून काम संपत नाही. परिणामावर नजर ठेवणे हेही शीलच आहे. हाच आरसा आपण या दहा दिवसांच्या शिकवणीपुढे धरू.

प्रथम, कृती करण्यापूर्वी. कोणाला विचारले? कंबोडियातील बहुतेक मुले बौद्ध घरांतली. सात वर्षांच्या मुलाला खाऊ मिळतो, गोरी ताई उचलून घेते आणि त्याच ओघात नव्या देवाची गोष्ट ऐकवली जाते. ते मूल मान डोलावते. ही संमती आहे काय? राहुलाची प्रव्रज्या झाली तेव्हा शुद्धोदनाला अतोनात दुःख झाले. त्याच्या विनंतीवरून तथागतांनी नियम घालून दिला की, आई-वडिलांच्या परवानगीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. उपाली हा तर जाणता, श्रीमंत गृहस्थ. तो निगंठांचा पंथ सोडून उपासक व्हायला आला, तेव्हा तथागत त्याला म्हणाले की नीट विचार करून पाहा. आणि निगंठांना देत आलेली भिक्षाही बंद करू नको. जाणत्याला विचार करायला सवड आणि अजाणत्याला दहा दिवसांत गोष्टीही आणि खाऊही, हा न्याय उलटा आहे.

दुसरे, कृती करीत असताना. मुलांची भाषा येत नाही, दुभाष्यामार्फत शिकवायचे. गावचा मास्तर, जो वर्षभर त्याच मुलांना शिकवतो, तो कडेला बसून पाहतो. मुलांना वाटते, खरे ज्ञान विमानाने येते. १९६८ च्या एप्रिलमध्ये इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की, सेवा करायला येऊ नका. पाहायला, शिकायला या. इलिच त्या वेळी स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू होते. हे घरातल्याच माणसाचे बोल आहेत.

तिसरे, कृतीनंतर. पथक परत जाते, महिन्याने दुसरे येते. मूल दर वेळी जीव लावते आणि दर वेळी एकटे पडते. याहून वाईट गोष्ट अनाथाश्रमांची. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. युनिसेफच्या मदतीने झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, तेथील दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांची आई किंवा बाप हयात होता. बाहेरून पाहुणे येतात, पैसा येतो, म्हणून आश्रम निघतात. आणि शिक्षण मिळेल या आशेने गरीब आई आपले मूल तेथे नेऊन ठेवते. देणाऱ्याच्या करुणेनेच मूल आईपासून तुटते! प्रज्ञेवाचून करुणा आंधळी असते ती अशी.

यावरून कोणी असे समजू नये की दोष ख्रिस्ती धर्माचा किंवा परकेपणाचा आहे. अमेरिकेच्याच सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या. त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तेथेच देह ठेवला. त्याही मिशनच्याच होत्या. धर्मप्रसाराचा हेतू त्यांनी लपवला नव्हता. पण चौतीस वर्षे त्या इथल्या मुलींत राहिल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याच संस्थेत घेतले, हे उपकार आपण विसरू नयेत. तिथे मुलींच्या हाती अक्षर राहिले. दहा दिवसांच्या पथकामागे पुष्कळदा छायाचित्र तेवढे राहते.

आता हा आरसा आपल्याकडे वळवू. १४ एप्रिलला वस्तीत वह्या वाटणारे आपल्यात पुष्कळ आहेत. १५ एप्रिलला त्या वहीत गणित घालून देणारे किती? विहारात मुलांकडून आपण त्रिशरण-पंचशील पाठ करून घेतो. पण एखाद्या मुलीने 'शील का पाळायचे?' असे विचारले, तर तिला उत्तर देतो की गप्प बसवतो? नुसते पाठ करून घेणे हे आपल्या घरातले दहा दिवसांचे मिशनच होय.

मुलांना द्यायचेच असेल तर रोज संध्याकाळचा एक तास द्यावा, आणि तो वर्षभर द्यावा. त्याचे छायाचित्र कोणी काढणार नाही. पण पुढच्या वर्षी ते मूल स्वतः वाचू लागेल आणि आपल्यालाच प्रश्न विचारील. तो प्रश्न ऐकून ज्याला आनंद होईल, त्याने मुलांना शिकवावे.

जय भीम!