चारचौघांत होकार

आमच्या भाच्याने बेत सांगितला : मरीन ड्राइव्हवर, भर गर्दीत, गुडघा टेकून मुलीला मागणी घालायची. मित्र टाळ्या वाजवणार, एक जण शूटिंग करणार. मी पडलो बँकेतला कारकून, मला बी. कॉम.चा करार कायदा आठवला. 1872 चा, कलम 10 : संमती मुक्त हवी.

"अरे, तिला नाही म्हणायचं असेल तर?"

"नाही कशाला म्हणेल, मामा?"

(मग विचारतोस तरी कशाला!) 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चिनी डायव्हर हे झी हिला रौप्यपदक मिळाल्यावर तिथल्या तिथे अशीच मागणी आली. ती हो म्हणाली. मनापासूनच म्हणाली असेल. पण सगळं जग बघत असताना 'विचार करून सांगते' म्हणायची सोय कुठे?

भाचा गेल्यावर सौ. बशा उचलत म्हणाली, "कांदेपोह्यांच्या वेळी मला विचारलं, तेव्हा समोर अठरा माणसं होती."

हिशेब बरोबर होता. जरा वेळाने मी म्हटलं, "मग आता विचारू?"

"आधी दार लावून घ्या."