हलाल आणि तय्यब : घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीनिमित्त एक विचार

पवित्र कुरआनने मनुष्याच्या आहाराविषयी बोलताना दोन शब्द जोडीने योजले आहेत (सूरह अल्-बकरा : १६८). पहिला ‘हलाल’, म्हणजे ज्याला अल्लाहने अनुमती दिली आहे ते. दुसरा ‘तय्यब’, म्हणजे जे शुद्ध, निर्मळ आणि हितकर आहे ते. आपल्या समाजात पहिल्या शब्दाची चर्चा पुष्कळ होते आणि ती व्हायलाच हवी. दुसरा शब्द मात्र अनेकदा पहिल्याच्या सावलीत राहतो. एखादी वस्तू हलाल ठरली की आपले उत्तरदायित्व संपले, असे आपण मानून चालतो. हे मानणे कितपत योग्य आहे, हे एका दूरच्या देशातील उदाहरणावरून पाहू. उदाहरण दूरचे असले, तरी त्यातील प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

अमेरिकेत ठराविक हंगामात परवाना घेऊन हरणाची शिकार करणे कायदेशीर आहे. तेथे स्थायिक झालेले काही मुस्लिम बांधवही शिकारीला जातात. दाट वस्तीच्या काही भागांत रायफलची गोळी फार लांब जाते म्हणून तिला मनाई असते. तेथे आपल्याकडे जिला बारा बोअरची बंदूक म्हणतात ती वापरतात आणि काडतुसात छऱ्यांऐवजी शिशाची एकच जड गोळी घालतात. एक पौंड शुद्ध शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची नळी, असा या नावाचा उगम आहे. हरणासाठी वापरायची एकसंध गोळी साधारण एक औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची असते. अनेक हौशी लोक ती विकत न घेता मोटारीच्या चाकांची जुनी वजने किंवा भंगारातील शिसे वितळवून साच्यात ओततात आणि काडतुसे घरीच भरतात. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे हे काम घरगुती शेगडीच्या आवाक्यात येते. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तेथे केंद्रीय परवाना लागत नाही. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय दारूगोळा तयार करू देत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरच बंदी आहे. तेव्हा येथे हा विषय अनुकरणासाठी नव्हे, विचारासाठी घेतला आहे.

अशा गोळीने मेलेले हरीण हलाल आहे काय? हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. ‘बंदूक’ हा आपला शब्दच मुळात अरबी ‘बुंदुक’पासून आला आहे. बुंदुक म्हणजे पूर्वी धनुष्यातून फेकली जाणारी मातीची गोळी. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी अशा गोळीने मेलेला प्राणी ‘मौकूजा’ ठरवला होता. मौकूजा म्हणजे आघाताने ठेचून मेलेला प्राणी, आणि तो सूरह अल्-माइदाच्या तिसऱ्या आयतीनुसार निषिद्ध आहे. ह. अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना फेकून मारायच्या काठीविषयी विचारले होते. काठीचे टोक शरीरात घुसले तर शिकार खावी, आणि तिच्या आडव्या माराने प्राणी मेला तर खाऊ नये, असा त्या उत्तराचा आशय आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आली आहे.

मग शिशाची गोळी भेदते की ठेचते? दमास्कसचे हनफी विद्वान इब्ने आबिदीन (निधन १८३६) यांचे मत असे की तिला धार नसते. ती आपल्या भाराने आणि दाहाने मारते, म्हणून ती शिकार हलाल नाही. त्याच काळात येमेनचे इमाम शौकानी (निधन १८३४) यांनी गोळी शरीर भेदून आत जाते या आधारावर तिला अनुमती दिली. दोन्ही बाजूंना मोठे विद्वान आहेत. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत आहे. प्राणी जिवंत हाती लागला आणि अल्लाहचे नाव घेऊन त्याला रीतसर जबह केले, तर तो निःसंशय हलाल आहे.

या मतभेदाच्या मुळाशी असलेली चिंता ध्यानात घेतली पाहिजे. मुस्लिम शिकाऱ्याला प्राण्याचा जीव घेण्याची अनुमती आहे, त्याला यातना देण्याची नाही. प्रत्येक कामात, अगदी प्राणी मारतानाही, उत्तम रीत पाळावी, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तिचे नाव एहसान. म्हणून आपल्या गोळीच्या अचूकतेची ज्याला खात्री नाही त्याने ती जिवावर आजमावू नये. घरी ओतलेल्या गोळीत हवेची पोकळी राहिली किंवा वजन कमी-जास्त झाले, तर नेम ढळतो. जखमी हरीण झाडीत निघून जाते आणि तडफडून मरते. ते कोणाच्या ताटात येत नाही, पण त्याचा हिशेब राहतो.

आता ‘तय्यब’कडे वळू. शिसे विषारी आहे हे मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण शिकारीच्या मांसात ते कसे विखुरते हे अलीकडे दिसून आले. २००८ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान म्हणून आलेल्या हरणाच्या खिम्याची क्ष-किरण तपासणी झाली. निम्म्याहून अधिक नमुन्यांत धातूचे बारीक कण आढळले आणि ते मांस वाटू नये, अशी सूचना राज्याच्या आरोग्य खात्याला करावी लागली. हे कण मुख्यतः रायफलच्या वेगवान गोळ्यांचे होते. बारा बोअरची जड, संथ गोळी त्यामानाने कमी फुटते. पण कमी फुटणे म्हणजे न फुटणे नव्हे. शिशाची अमुक मात्रा बालकासाठी सुरक्षित आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. शिसे गर्भातील बाळापर्यंत पोहोचते आणि वाढत्या मेंदूची हानी करते.

येथे सूरह अल्-बकराची २६७ वी आयत आठवते. आपल्या कमाईतील शुद्ध वस्तू दान कराव्यात, निकृष्ट वस्तू निवडून देऊ नयेत, असा तिचा आदेश आहे. नॉर्थ डकोटातील दात्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना काही ठाऊकच नव्हते. परंतु ज्याला आता ठाऊक झाले आहे त्याचे काय?

आणि हानी ताटापाशी थांबत नाही. ओतण्याच्या कामात शिशाची धूळ आणि वितळलेल्या धातूवर साचणारी राख हातांना, कपड्यांना, जमिनीला लागते. बाप कामावरून उठून मुलाला कडेवर घेतो तेव्हा ती मुलापर्यंत जाते. शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी गिधाडे खातात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा महाकाय गिधाडवर्गीय पक्षी १९८२ मध्ये केवळ २२ उरला होता आणि आजही त्याच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिशाची विषबाधा हेच आहे. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचा दारूगोळा पूर्णपणे बंद केला. आपल्याकडेही गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडे मेली आणि २००६ मध्ये त्या औषधाचा पशूंसाठीचा वापर थांबवावा लागला. औषध देणाऱ्याच्या मनात गिधाड नव्हते. शिकाऱ्याच्या मनातही नसते.

कोणी म्हणेल, आपल्या हाताने वस्तू घडवणे वाईट कसे? हा आक्षेप रास्त आहे. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या श्रमाच्या भाकरीची प्रशंसा केली आणि ह. दाऊद (अलै.) यांचे उदाहरण दिले. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले होते. पण सूरह सबामध्ये त्याच ठिकाणी (आयत १०-११) चिलखताच्या कड्या मापात जोडण्याची आज्ञाही आहे. कौशल्य ही देणगी आहे आणि माप ही तिच्यासोबत आलेली अट आहे. जो स्वतः घडवतो त्याला चूक कारखान्यावर ढकलता येत नाही. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या कायदेसंहितेने हे तत्त्व ९२ व्या कलमात मांडले आहे. प्रत्यक्ष कृती करणारा, हेतू नसला तरी, हानीचा जामीन असतो. हानी करू नये आणि हानीच्या बदल्यात हानी करू नये, हे हदीसमधून आलेले तत्त्व तिच्या १९ व्या कलमात आहे.

अदींच्याच (रजि.) हदीसमध्ये आणखी एक मार्गदर्शन आहे. बाण लागलेली शिकार पाण्यात मेलेली सापडली तर ती खाऊ नये, कारण ती बाणाने मेली की पाण्याने, हे कळत नाही. जेथे न दिसणारे कारण मिसळले तेथे हात आखडता घ्यावा, ही त्यातील दृष्टी आहे. मांसातील शिशाचा कणही डोळ्यांना दिसत नाही. शिसे नसलेल्या तांब्याच्या गोळ्या बाजारात मिळतात. त्या महाग आहेत, परंतु पर्याय उपलब्ध असताना आणि हानी ठाऊक असताना केवळ बचतीसाठी किंवा हौसेसाठी शिसे ओतत राहणे एहसानशी जुळत नाही. त्याला कोणती फिक्ही संज्ञा द्यावी हे मुफ्ती ठरवतील. ते अन्न ‘तय्यब’ म्हणता येईल काय, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःच्या अंतःकरणाला विचारायचा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती कधी बंदूक येणार नाही. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणारा, जाळ्यासाठी शिशाची वजने ओतणारा, शेतात औषध फवारणारा, अन्न शिजवून विकणारा, असा कोणी ना कोणी आपल्या घरात किंवा शेजारी आहेच. व्यवसाय हलाल आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. आपल्या हातून निघालेली वस्तू पुढे कोठे जाते, कोणाच्या अंगाला लागते, कोणाच्या पोटात जाते, याचा माग घेणे हा ईमानचाच भाग आहे. अल्लाह आपल्या कमाईला हलाल आणि तय्यब दोन्ही करो, आणि जे आपल्याला दिसत नाही त्याचीही काळजी वाहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.