पाण्यापर्यंतची वाट

इंग्लंडमध्ये थेम्सच्या काठावरच्या हेन्ली गावात १८३९ पासून नौकाशर्यती भरतात. या शर्यतींत कोणाला उतरू द्यायचे नाही, हे १८७९ साली लेखी ठरले. पैशाच्या पैजेवर वल्हवलेला माणूस नको, नावेवर मजुरी केलेला नको. आणि कारागिरी किंवा मोलमजुरी करून पोट भरणारा, अगदी पूर्वी कधी भरलेला असला तरी, नको. याच नदीवर लंडनच्या नावाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांची ने-आण केली होती. त्यांच्यातल्या तरुणांची डॉगेट शर्यत १७१५ पासून चालत आली होती. ज्यांच्या कष्टातून या खेळाचा जन्म झाला, त्यांच्यावरच त्याचे दार बंद झाले.

१९२० साली फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा प्रवेशअर्ज हेन्लीने परत पाठवला. त्याच्या क्लबशी जुना वाद होता हे एक कारण, आणि केली गवंडीकाम करून वर आलेला होता हे दुसरे. त्याच उन्हाळ्यात अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये त्याने एकेरी स्कल्सचे, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवायच्या शर्यतीचे, सुवर्ण जिंकले. अंतिम शर्यतीत मागे पडलेला जॅक बेरेसफर्ड त्या वर्षीचा हेन्लीचा विजेता होता. पुढे १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या संघालाही हेन्लीत मज्जाव झाला. मजुरांना वगळणारे ते कलम १९३७ साली गेले.

कलम गेले, पण खेळाभोवतीचे कुंपण गेले नाही. आज ते कागदावर नाही, किमतीत आहे. एकेरी स्पर्धेची नाव आठ मीटरांहून लांब, रुंदीला जेमतेम माणूस बसेल एवढी आणि वजनाला अवघी चौदा किलो असते. कार्बन फायबरच्या त्या पातळ अंगाला घाटाच्या दगडाचा एक धक्काही परवडत नाही. अशी एक नाव काही लाखांच्या घरात जाते. शिवाय ती ठेवायला शेड हवी, न्यायला ट्रेलर हवा, मुलांच्या सोबतीला मोटरबोट आणि प्रशिक्षक हवा. आणि यापैकी कशातच न मोजलेला खर्च वेगळाच. पहाटे पाण्यावर पोचायला वाहन लागते, सरावानंतर पोटभर खायला लागते, आणि मुलाचे ते दोन तास घरकामातून किंवा कमाईतून सोडायची घराची ऐपत लागते. गरीब घरातले मूल या शेवटच्या हिशेबात अडते. नावेच्या किमतीपर्यंत ते पोचतही नाही.

या मुलांनी हा खेळ मागावा तरी कशासाठी? धावायला मैदान पुरते, कबड्डीला तेही लहान चालते. इतका महागडा हट्ट का? त्याचे उत्तर वल्हवण्याच्या क्रियेतच आहे. पाय पट्ट्यांत अडकवलेले, आसन रुळांवर सरकणारे. गुडघे छातीशी आले की पाते पाण्यात बुडते. आधी मांड्या रेटतात, मग पाठ उघडते, शेवटी हात पोटाशी येतात. पाते वर निघते, मनगटाच्या वळशाने आडवे होते आणि अंग पुन्हा पुढे सरकते. दोन हजार मीटरच्या शर्यतीत हे दोनशेहून अधिक वेळा करायचे. नाव आठ जणांची असली की एकट्याच्या जोराला अर्थ उरत नाही. एकाचे पाते क्षणभर उशिरा पडले तरी नाव डुलते आणि सगळ्यांचा वेग जातो. दुसऱ्याच्या श्वासाला आपला श्वास जुळवायची इतकी काटेकोर सवय लावणारे खेळ फार थोडे आहेत.

शिकागोच्या वेस्ट साइडमध्ये हे खरे ठरले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या मॅन्ली हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलांचा रोइंग संघ उभा राहिला. शाळेच्या जेवणघरात एक लांबलचक नाव आणून ठेवली होती आणि नाव नोंदवणाऱ्यांना पिझ्झा मिळणार होता. अनेकांना पोहता येत नव्हते. एकमेकांशी हाडवैर असलेल्या टोळ्यांच्या वस्त्यांतली मुले एका नावेत पुढेमागे बसली. त्यांच्यातल्या अर्शे कूपरने पुढे ही हकीकत पुस्तकात लिहिली आणि २०२० साली तिच्यावर माहितीपट निघाला. त्या संघाने मोठमोठ्या शर्यती जिंकल्या म्हणून तो लक्षात राहिलेला नाही. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ताही ज्यांना निर्धास्तपणे चालता येत नव्हता, त्या मुलांना पाण्यावर रोज काही काळ निर्भयपणे दमता आले, म्हणून तो मोलाचा.

आपल्याकडची गोष्ट दत्तू भोकनळची. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव, पाण्यासाठी तरसणारे. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या, पडेल ती मजुरी करायची, पुढे पेट्रोल पंपावर काम. २०१२ साली तो लष्करात खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात भरती झाला. तिथे त्याची उंची आणि ताकद हेरून त्याला पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये, म्हणजे लष्कराच्या रोइंग केंद्रात, वल्ही दिली गेली. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटे. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये त्याने स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर सुवर्ण मिळवले. हेन्लीच्या जुन्या व्याख्येने मजूर म्हणून ज्याला काठावरच थांबवले असते, त्याने देशाला हे पदक दिले.

राजस्थानच्या कोरड्या सीकर जिल्ह्यातल्या बजरंगलाल ताखरनेही २०१० च्या आशियाई स्पर्धेत भारताला रोइंगचे पहिले सुवर्ण दिले, तेही लष्करातूनच. लष्कराने या खेळावर केलेले उपकार मोठे आहेत. पण ते दार बहुतेकांसाठी उघडते भरतीच्या वयात, तेही भरतीच्या मापात बसणाऱ्यांना. तेरा-चौदा वर्षांच्या फार थोड्या मुलांना तिथे जाता येते, आणि त्याच वयाच्या मुलींपासून तर ते अधिकच दूर आहे. दत्तू विशीत वल्ह्यापर्यंत पोचला तो योगायोगाने. जी मुले तशी पोचली नाहीत, त्यांची मोजदाद कुठल्याच वहीत होत नाही.

अशा मुलांना वल्ह्यापर्यंत नेणारा मार्ग शोधायला परदेशी जावे लागत नाही. केरळातल्या कुट्टनाडच्या सर्पनौका शंभराहून अधिक माणसे वल्हवतात आणि अशा कितीतरी नौका गावाच्या सामाईक मालकीच्या असतात. वर्गणी गावाची, डागडुजी गावाची, वल्हवणारेही बरेचसे गावचे. १९५२ पासून चालत आलेल्या नेहरू ट्रॉफी शर्यतीत शेतमजूर आणि मासेमार ताठ मानेने बसतात, कारण नाव त्यांची स्वतःची असते. महागडी वस्तू गरिबाच्या हाती यायची, तर ती आधी सर्वांची व्हावी लागते. शाळेची इमारत, वाचनालय, तालीम आपण अशीच उभी केली.

पाणी आपल्याकडेही आहे; देशातल्या मोठ्या धरणांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. नाथसागर, उजनी, असे विस्तीर्ण जलाशय गावे उठवून झाले. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांची नातवंडे आज काठावरच्या शाळांत शिकतात. पाणी त्यांच्यासाठी अजून धोकाच आहे. २०२४ च्या मे महिन्यात उजनीत प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. म्हणून या शाळांत रोइंग आणायचे तर पहिला धडा पोहण्याचा आणि लाइफ जॅकेट घालण्याचा हवा. तो शर्यतीत कधीच न उतरणाऱ्या मुलालाही जन्मभर उपयोगी पडेल. मग शाळेच्या एखाद्या खोलीत दोन-तीन रोइंग मशीन, मग चार-पाच शाळांत मिळून रुंद, सहज न उलटणाऱ्या सरावाच्या नावा, ने-आणीची गाडी आणि सरावानंतरचे जेवण. शर्यतीची नाव सर्वात शेवटी.

यातून एखादा दत्तू घडेलही. पण या खर्चाचे समर्थन पदकाने करू नये. पदकाच्या आशेवर उभी राहिलेली सोय पदक आले नाही की गुंडाळली जाते. ज्यांच्या घरादारावर पाणी चढले, त्यांच्या मुलामुलींचा त्या पाण्यावर पहिला हक्क आहे. तिथे त्यांना खेळता यावे, एवढे कारण पुरेसे आहे.