दुसरा घास

माझी जीभ धाडसी आहे, असा माझा पुष्कळ वर्षे समज होता. पुण्यात, तेही सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाने असा समज करून घ्यावा यात थोडा विनोद आहे, हे मला मान्य आहे. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण हद्दपार होई, आणि आमटीत गूळ कमी पडला तर वडिलांचा तो दिवस फुकट जाई. अशा घरातला मी, निवृत्तीनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात जे जे नवे पाकीट येईल ते ते आणून चाखू लागलो, तेव्हा मला स्वतःविषयी किंचित अभिमान वाटू लागला तर त्यात नवल नाही.

या व्यसनातला माझा गुरू म्हणजे माझा नातू. वय वर्षे बारा. दिवाळीच्या सुटीत तो मुंबईहून येतो, आजीच्या मानाखातर एक चकली आणि अर्धा लाडू खातो, आणि मग आपली पिशवी उघडतो. तिच्यातून जी चकचकीत पाकिटे निघतात त्यांची नावे वाचताना भूगोलाचा तास चालू आहे असे वाटते. कुणी स्पेनचा टोमॅटो, कुणी मेक्सिकोची मिरची, कुणी कोरियाचे आणखी काही. गेल्या दिवाळीत तर त्याच्या वडिलांनी कचेरीच्या कामासाठी केलेल्या जपानच्या वारीतून आणलेल्या तांदळाच्या चकत्याही होत्या. तिकडे त्यांना सेंबे म्हणतात. भाजून वर सोया सॉसचा हात फिरवलेल्या, तपकिरी, खुसखुशीत. मला त्या इतक्या आवडल्या की मी अर्धे पाकीट लपवून ठेवले.

आमचा एक खेळ आहे. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने पाकिटातला एक तुकडा त्याच्या हातावर ठेवायचा, आणि खाणाऱ्याने चव ओळखायची. गेल्या वर्षी सात पाकिटांपैकी मी दोन ओळखली. त्यांतले एक वासाबीचे होते, आणि ते ओळखण्यात माझे काही कर्तृत्व नाही. ते नाकातून वर चढून स्वतःच आपले नाव सांगते. बाकी लिंबाला मी टोमॅटो म्हटले, टोमॅटोला चीज म्हटले, आणि एका साध्या खारवलेल्या कापाला 'हे काहीतरी परदेशी दिसते' असे म्हणून बसलो. नातू लोळून हसला. सौ. आतून म्हणाली, "अहो, त्याच डोळ्यांनी माझा चिवडा खाऊन बघा, आणि मीठ जास्त झालंय का तेवढं सांगा."

मीठ जास्त झाले होते. तिला मी सांगितले नाही.

हरल्यावर माणूस नियम तपासतो. मी चष्मा लावून पाकिटांची पाठ वाचायला घेतली. पुढच्या बाजूला सातही पाकिटे सात देशांची होती. मागच्या बाजूला ती जवळजवळ सख्खी भावंडे निघाली. बटाटा, तेल, मीठ, साखर, कांद्याची पूड, लसणाची पूड, थोडी दुधाची भुकटी, आणि स्वाद वाढवणारे ६२७ व ६३१ हे दोन क्रमांक, जे मला आता वर्गातल्या हजेरीसारखे पाठ झाले आहेत. देशाचे वेगळेपण शेवटच्या चिमूटभर स्वादात. काप तळून झाले की ते एका फिरत्या पिंपात घालतात आणि वरून ही भुकटी शिंपडतात. पूर्वी असे नव्हते. इंग्लंडात बटाट्याच्या कापांच्या पुडीत मिठाची एक वेगळी निळी पुरचुंडी असे, ती सोडून ज्याने त्याने आपल्या चवीपुरते घ्यावे. पुढे आयर्लंडात डब्लिन शहरी १९५४ साली जो मर्फी या गृहस्थाने कारखाना काढला आणि चीज व कांदा यांची चव कापांनाच लावून विकली. तेव्हापासून मिठाची पुरचुंडी मागे पडली आणि चवींची जत्रा भरली.

या जत्रेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेल्समधली आहे. १९८० नंतरच्या त्या काही वर्षांत तिथल्या एका मद्यगृहाच्या मालकाने हेजहॉगच्या चवीचे काप विकायला काढले. हेजहॉग म्हणजे साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा एक काटेरी, निरुपद्रवी प्राणी. माल खपला. पण सरकारी खात्याने हरकत घेतली, की यात हेजहॉग कुठे आहे? तो अर्थातच नव्हता. शेवटी पाकिटावरच्या इंग्रजी शब्दाचे शेपूट बदलून तडजोड झाली: हेजहॉगचा स्वाद 'दिलेले' नव्हे, नुसत्या हेजहॉग 'स्वादाचे'. मला या प्रकरणात खटल्याहून गिऱ्हाइकाचे नवल वाटते. त्यांतल्या कितीजणांनी तो प्राणी खाल्ला असेल? ज्याची मूळ चव ठाऊक नाही, त्याची नक्कल 'हुबेहूब आहे' असे म्हणत माणसे बोटे चाटत होती.

आणि मी तरी काय करीत होतो? ऑक्सफर्डमधील चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झाम्पिनी यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काप खाणाऱ्यांच्या कानाला यंत्र लावून त्यांच्याच चावण्याचा आवाज त्यांना मोठा करून ऐकवला. काप तेच, पण आवाज वाढला की खाणाऱ्यांना ते अधिक ताजे आणि कुरकुरीत वाटत. म्हणजे जिभेवर कानाचे राज्य आहे, नाकाचे तर आहेच, आणि छापील नावाचे सर्वांत मोठे. डोळे मिटले की माझा अर्धा जगप्रवास रद्द होतो.

इथपर्यंत गमतीचे होते. यानंतरचे सांगायला मला थोडा संकोच वाटतो.

आमच्या वरच्या दोन खोल्यांत नागालँडच्या दोन मुली भाड्याने राहतात. एक शिकते, एक नोकरी करते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, एका रविवारी सकाळी घरात असा काही वास सुटला की मी प्रथम मेलेला उंदीर शोधला, मग गटार तुंबले असे ठरवून प्लंबरला बोलावले. त्याने चेंबरचे झाकण काढले, आत पाहिले, झाकण लावले, आणि काही न बोलता बोटाने वरचा मजला दाखवला. मी तडक जिना चढलो. मुलींनी दार उघडले. चुलीवर पातेले होते. त्यांनी काहीतरी नाव सांगितले ते मी ऐकून घेतले नाही. 'हे असले या घरात शिजवायचे नाही' हे एवढे एकच वाक्य मी हिंदीत बोललो, आणि माझे हिंदी एरवी वाईट असले तरी ते वाक्य व्याकरणशुद्ध होते. त्या म्हणाल्या, "सॉरी अंकल." पुन्हा वास आला नाही. मुली समंजस आहेत, असे मी चारचौघांत सांगतही असे.

गेल्या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन मी वर गेलो. धाडसाच्या भरात ताटात चार जपानी चकत्याही ठेवल्या, आणि त्या सोया सॉसच्या आहेत, मला फार आवडल्या, असे कौतुकाने सांगितले. थोरलीने एक तुकडा खाल्ला आणि हसून म्हणाली, "अंकल, हे सोयाबीनच. आमच्याकडेपण तेच आंबवतात."

त्या दिवशी पातेल्यात होते ते तेच. अखुनी. सोयाबीन उकडून, पानांत बांधून, चुलीच्या उबेजवळ काही दिवस ठेवायचे, की ते आंबते. सुमी नागा लोकांच्या घरोघर असते. मणिपुरात त्याच जातीच्या पदार्थाला हवाइजार म्हणतात, मेघालयात तुंगरिम्बाई, सिक्कीमकडे किनेमा. आणि ज्या जपानच्या चकत्या मी लपवून ठेवल्या त्या जपानात नात्तो. जपानचा सोया सॉस बुरशीने आंबवतात, त्यात गहूही असतो, हा फरक खरा. पण दाणा तोच आणि युक्तीही तीच, सडण्याच्या वाटेवरून पदार्थाला ऐन वेळी चवीकडे वळवण्याची. खाली येऊन मी हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं? त्या दर रविवारी दोन बस बदलून मैत्रिणीकडे जातात, ते जेवायलाच जातात."

वर्षभर माझ्या घराचे नाक शुद्ध राहावे म्हणून दोन मुली रविवारी जेवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जात होत्या, आणि मी खाली बसून वासाबीला गुण देत होतो.

तेव्हापासून मी स्वतःशी वाद घालतो आहे. माझी बाजू अगदीच लंगडी नाही. किळस ही कुणी ठरवून आणत नाही. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांच्या खाण्याचा अभ्यास केला होता: सर्व काही खाऊ शकणाऱ्या प्राण्यापुढे नवा पदार्थ आला की त्यात जेवणही असते आणि विषही, म्हणून उंदीर नवे अन्न जरासे कुरतडतो आणि थांबतो. आपले शेतकरी हे त्याच्याआधीपासून ओळखून आहेत. विषाची गोळी पहिल्याच रात्री लागू पडत नाही. तेव्हा नव्या वासाने माझे नाक आक्रसले यात माझा अपराध नाही. आवडणे हे कुणाचे कर्तव्य होऊ शकत नाही. आणि आवडल्याचे सोंग करणे तर त्याहून वाईट. ते मी चिवड्याच्या मिठाबाबत रोज करतो, म्हणून जाणतो.

पण उंदीर थांबतो, दुसऱ्या उंदराच्या खाण्यावर बंदी घालीत नाही. माझे नाक आक्रसले ते नाकापाशी राहिले नाही; जिना चढून वर गेले आणि तिथे घरमालक झाले. मला बोचते ते हे.

आणि पाकिटापुढे मी शूर का होतो, तेही आता कळते. पाकिटातले नवे आधीच माणसाळवलेले असते. मीठ, साखर, तेल यांनी माझ्या वतीने आधीच होकार दिलेला असतो. नवलाई उरते ती नावात. शिवाय पाकीट माझ्या तोंडाकडे पाहत नाही. नाही आवडले तर चुरगळून टोपलीत. (अन्न टाकू नये हे मी नातवाला सांगतो, आणि उरलेले पाकीट कामवाल्या बाईंना देतो, हे दान नव्हे, हेही मला ठाऊक आहे.) दुसऱ्याच्या चुलीवरचा पदार्थ मात्र आपल्या चेहऱ्याकडे पाहत असतो, कारण त्याच्यामागे माणूस उभा असतो.

हिंगाला युरोपात सैतानाचे शेण म्हणत, आणि आमच्या आमटीला त्याशिवाय फोडणी नाही. माझी आजी कडक एकादशी करी. तिच्या ताटातला साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, यांतले एकही आपल्या देशचे नाही. साबुदाण्याचा कंद धरून सगळी मंडळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीज गलबते येऊ लागल्यावर इकडे पोचलेली. पाचशे वर्षांपूर्वीच्या आमच्या पूर्वजाला हा उपवास ओळखूही आला नसता. त्याच्या कुणा वंशजाने बटाटा प्रथम तोंडात घातला असेल तेव्हा त्याला तो आवडला असेल असे मला वाटत नाही. त्या काळी त्याच्यावर शिंपडायला भुकटी नव्हती. पण त्याने पुन्हा एकदा घास घेतला असला पाहिजे. नाहीतर आजीचे एकादशीचे ताट रिकामे राहते.

नाताळाला मुली गावी गेल्या. जाताना मी थोरलीला जिन्यात गाठून म्हटले, येताना थोडे अखुनी आणा. तिला ते प्रथम कळले नाही. मग कळले, आणि ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. जानेवारीत तिने आणले, एका डब्यात दुसरा डबा, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर दोरी. एखादा गुन्हा लपवून आणावा तसे. ते बांधणे पाहून मला जे वाटले ते इथे लिहीत नाही.

वरच्याच स्वयंपाकघरात तिने भाजलेले टोमॅटो आणि मिरच्या घालून त्याची चटणी वाटली. सौ. आणि मी भात घेऊन बसलो. वास तोच होता. पहिला घास मी गिळला एवढेच सांगता येईल. धाकटी मान खाली घालून होती. थोरलीने मुद्दाम खिडकीकडे तोंड केले होते, माझ्या चेहऱ्यावर काय येते ते आपल्याला दिसू नये म्हणून. मी दुसरा घास घेतला. मिरची लागली, टोमॅटोचा आंबटपणा लागला, आणि त्यांच्याखाली काहीतरी खोल, खारट, जुन्या लोणच्याच्या बरणीच्या तळासारखे. चांगले म्हणवेना, वाईटही म्हणवेना. सौ.ने बोट चाटून विचारले, "ह्याला लसणाची फोडणी चालेल का गं?" तेव्हा थोरली वळली आणि हसली.

तिला मी खरे ते सांगितले, की मला अजून आवडलेले नाही. ती म्हणाली, तिच्या पुण्यातल्या पहिल्या महिन्यात गोड आमटी खाताना तिलाही असेच झाले होते.

आता रविवारी वरून वास येतो. मी कधी कधी आमची खिडकी लावून घेतो. वरची उघडी असते.